चौथ्या क्रमांकाचे नागरिक

२०२५ला निरोप देता देता केंद्र सरकारने जपानला मागे टाकले. ४.१८ लाख कोटी डॉलरची अर्थव्यवस्था, जगात चौथा क्रमांक आणि पुढे फक्त जर्मनी, चीन, अमेरिका. मे २०२५ मध्ये नीती आयोगाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी हीच आरोळी ठोकली, तेव्हा ‘वर्षअखेरपर्यंत होईल’ अशी सारवासारव त्याच आयोगाच्या सदस्यांना करावी लागली होती. याही वेळी शिक्कामोर्तब २०२६ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे अंतिम आकडे आल्यावरच होणार होते. फटाके मात्र वाजून झाले.

आकडा खरा धरू. येनच्या घसरणीने त्याला किती हातभार लावला, तेही सोडून देऊ. पण १४६ कोटींच्या देशाने सव्वाबारा कोटींच्या देशाला एकूण बेरजेत आत्ता कुठे गाठावे, यात मिरवण्यासारखे काय आहे? माणशी हिशेब मांडला, तर आपल्या वाट्याला वर्षाला जेमतेम २,८०० डॉलर येतात आणि जपान्याच्या वाट्याला ३४ हजारांच्या आसपास. आपल्याकडे स्वस्ताई आहे, हा युक्तिवाद ठरलेलाच. ती जमेस धरली तरी आपला माणूस त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास घुटमळतो. २०२५च्या मानवी विकास निर्देशांकात जपान २३वा, आपण १३०वे. या क्रमांकाचे निवेदन कोणी काढले नाही.

देशाच्या आर्थिक राजधानीतल्या मढकडे पाहा. समोर वर्सोवा दिसते, मध्ये खाडी. फेरीबोटीने काही मिनिटांचे अंतर; गाडीने जायचे तर मार्वे, मालाड असा वीसेक किलोमीटरचा वळसा. कूपर रुग्णालय खाडीपलीकडे आहे, पण रात्री बोटी थांबल्या की छातीत कळ आलेल्या माणसाने मालाड फिरून जायचे. पुलाची रेघ कित्येक दशके कागदावर होती. आता पूल आणि किनारी रस्त्याची घाई सुटली आहे, ४५ हजारांहून अधिक तिवरे तोडायला न्यायालयाची परवानगीही मिळाली आहे. मात्र खाडीत खांब रोवल्यावर होड्या कुठून काढायच्या, हा कोळ्यांचा प्रश्न कोणाच्या टिपणात अडसर ठरत नाही. जपानात १९४९च्या कायद्याने किनाऱ्यालगतच्या मासेमारीचा हक्क स्थानिक मच्छीमारांच्या सहकारी संस्थांकडे दिला. तिथे समुद्रात भराव घालायचा तर आधी त्या हक्कदारांची संमती घ्यावी लागते. आपल्याकडे कोळी हा सुनावणीला बोलवायचा आणि प्रसिद्धीसाठी पारंपरिक वेशात उभा करायचा घटक!

त्याच खाडीत मालाडचे सांडपाणी जुजबी गाळणी होऊन येते. शहरातल्या सात मलजल प्रक्रिया केंद्रांचे भूमिपूजन जानेवारी २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झाले. ती उभी राहून चालू होईपर्यंत डोल जाळ्यात बोंबलाबरोबर प्लॅस्टिक येत राहणार आणि ते निवडून फेकण्याचे काम फुकटात करायचे, तेही मच्छीमारांच्या घरच्या बायकांनी. याला गरिबीचे कारण देता येत नाही. मुंबई महापालिकेचा २०२५-२६चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. पैसा आहे, माणूस हिशेबात नाही. देशाचेही तेच.

आणि मागे टाकले कोणाला? अटल सेतूला कर्ज जपानचे, मेट्रो-३ला जपानचे, बुलेट ट्रेनला तर ०.१ टक्का व्याजाने पन्नास वर्षांच्या मुदतीचे. सावकाराला श्रीमंतीत हरवल्याचा जल्लोष ऋणकोने त्याच्याच पैशांतून बांधलेल्या पुलावर उभे राहून करावा, यातला विनोद दिल्लीला कळत नाही. शिंकान्सेन १९६४ पासून धावते आहे. घसरून वा धडकून एकही प्रवासी दगावलेला नाही. मुंबईच्या लोकलमार्गावर वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. जून २०२५ मध्ये मुंब्र्याला दारात लटकणारे प्रवासी खाली पडले, तेव्हा चार दिवस हळहळ झाली आणि दारे तशीच उघडी राहिली. जपान म्हातारा होतो आहे, तिथली खेडी ओस पडताहेत, हेही खरे. पण तिथला माणूस सरासरी आपल्यापेक्षा बाराएक वर्षे जास्त जगतो म्हणून तो प्रश्न त्यांना पडतो.

१५ जानेवारी २०२६ला मुंबईत महापालिकेचे मतदान झाले. मार्च २०२२ पासून तोवर या शहराला नगरसेवक नव्हते आणि नसल्याने प्रशासकांचे काही अडलेले नव्हते. पुढच्या प्रचारात ‘चौथी अर्थव्यवस्था’ हमखास ऐकू येईल. ती सांगायला मढमध्ये येणाऱ्या उमेदवारांनी एक करावे: सभा उशिरा, वर्सोव्याची शेवटची बोट गेल्यानंतर ठेवावी आणि परत मालाडवरून जावे.