स्पॅनिश शिकताय? मग मराठीतून शिका!

वीकेंडला स्पॅनिशच्या क्लासला जाणारी बरीच मंडळी एका ठरावीक ठिकाणी अडकतात. ते म्हणजे 'इम्पेर्फेक्तो' हा भूतकाळ.

खरं तर इतका सुटसुटीत काळ शोधून सापडायचा नाही. 'आर'ने संपणारं क्रियापद असेल तर 'आर' काढा आणि आबा, आबास, आबा, आबामोस, आबाइस, आबान लावा. 'आब्लार' म्हणजे बोलणं, त्याचं झालं 'आब्लाबा'. 'एर' आणि 'ईर'वाल्यांना ईआ, ईआस, ईआ, ईआमोस, ईआइस, ईआन. 'कोमेर'चं (खाणं) 'कोमीआ'. एक्सेप्शन्स? अख्ख्या भाषेत फक्त 3 : सेर, इर आणि बेर. आपल्या एखाद्या प्रोजेक्टमध्ये तरी इतका स्वच्छ कोड बघितलाय का?

मग घोळ होतो कुठे? प्रत्यय पाठ असतात, पण हा काळ वापरायचा कधी तेच कळत नाही. माझ्या मते यात दोष स्पॅनिशचा नाही, मधे आणून बसवलेल्या इंग्रजीचा आहे. 'आय प्लेड' म्हटलं की एकदा खेळलो तरी चालतं, रोज खेळायचो तरी चालतं. स्पॅनिशला हे चालत नाही. आणि मराठीलाही नाही! 'काल खेळलो' आणि 'लहानपणी रोज खेळायचो' यात आपली कधी गल्लत होते का?

शाळेतलं व्याकरण आठवा. 'मी लाडू खात असे' हा रीती भूतकाळ, म्हणजे इम्पेर्फेक्तो. 'मी लाडू खात होतो, तेवढ्यात फोन आला' यातलं 'खात होतो' हेही इम्पेर्फेक्तोच. 'आला' मात्र दुसऱ्या काळात, 'इन्देफिनिदो'त जाणार. 'पाच वर्षं पुण्यात राहिलो' हेसुद्धा तिकडेच, कारण मुदत मोजून संपवलीये.

खरी गंमत पुढे आहे. 'साबीआ' म्हणजे मला माहीत होतं आणि 'सूपे' म्हणजे मला कळलं. क्रियापद एकच, काळ बदलला की अर्थ बदलतो. इंग्रजी बऱ्याचदा दोन्हीला 'न्यू' म्हणून मोकळी होते. आपल्याकडे मात्र दोन वेगळे शब्द तयार आहेत.

सगळंच जुळतं असं नाही हं. 'खेळायचो' आणि 'खेळायचा' हा आपला फरक तिथे नाही, 'मी' आणि 'तो' दोघांनाही एकच रूप. पण तेवढं चालायचंच.

पुस्तक इंग्रजीत असेल तर असू दे. समासात वाक्य मराठीत लिहा. नवीन काही शिकायचं म्हणजे आधी इंग्रजीत विचार करायचा, ही सवय आपल्याला इतकी लागलीये की घरातच असलेलं उत्तर दिसत नाही. बघा पटतंय का!