अर्थाबरोबर वाक्यही हवे

मराठी माध्यमाच्या शाळांतून इंग्रजीचा पाठ सुरू करण्यापूर्वी फळ्यावर उभी रेघ मारून डावीकडे कठीण शब्द व उजवीकडे त्यांचे अर्थ लिहून द्यायचे आणि विद्यार्थ्यांनी ते वहीत उतरवून दुसऱ्या दिवशी मुखोद्गत म्हणून दाखवायचे, हा जो परिपाठ पिढ्यानुपिढ्या चालत आला आहे, तो मोडीत काढावा असे आमचे मुळीच म्हणणे नाही. परक्या भाषेत प्रवेश करताना मातृभाषेतील अर्थाइतका जवळचा आधार दुसरा नाही. मोल्सवर्थ यांनी आरंभिलेला आणि कँडी यांनी १८४७ साली पूर्णत्वास नेलेला इंग्रजी-मराठी कोश याच आधारावर रचलेला आहे. तथापि अर्थ सांगून झाला की शब्द शिकवून झाला, ही जी समजूत शिक्षकवर्गात दृढ झाली आहे, ती विद्यार्थ्याच्या हिताची नाही.

उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कोणालाही याचा पडताळा येईल. 'मॅरी' म्हणजे लग्न करणे, एवढेच ज्याला ठाऊक आहे, तो मराठीतील 'तिच्याशी' मनात धरून 'ही मॅरीड विथ हर' असे बिनदिक्कत लिहितो. 'डिस्कस' म्हणजे चर्चा करणे, हे पाठ असलेला विद्यार्थी 'विषयी'च्या जागी 'अबाउट' घालून मोकळा होतो. यात त्याच्या बुद्धीचा किंवा परिश्रमाचा दोष नाही. त्याला शब्दाचा अर्थ मिळाला, परंतु त्या शब्दाचे गणगोत, म्हणजे त्याच्या पुढेमागे कोणते शब्द चालतात आणि कोणते चालत नाहीत, हे त्याला कोणी दाखवले नाही. आणि ते दाखवण्याचे सामर्थ्य उदाहरणवाक्यातच असते.

इंग्रजी ही ज्यांची जन्मभाषा नाही अशांना ती शिकवणाऱ्यांनी हे फार पूर्वीच ओळखले होते. जपानमध्ये अध्यापन करणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी गेटनबी व वेकफील्ड या सहकाऱ्यांसमवेत सिद्ध केलेला कोश १९४२ साली टोकियोत प्रसिद्ध झाला, आणि १९४८ साली ऑक्सफर्डने तो स्वीकारून जगभरच्या विद्यार्थ्यांच्या हाती दिला. कोणते क्रियापद कोणत्या वाक्यरचनेत बसते, याची फोड करून ती उदाहरणांनी स्पष्ट करणे, हे या कोशाचे खरे वैशिष्ट्य होय.

मात्र कसलेही वाक्य उदाहरण म्हणून चालत नाही. 'रिलक्टंट' म्हणजे नाखूश, असा अर्थ देऊन त्यापुढे 'ही इज रिलक्टंट' एवढेच लिहिले, तर त्या शब्दाच्या जागी 'टॉल' घातला काय अथवा 'हंग्री' घातला काय, वाक्य तसेच उभे राहते. अर्थात त्याने काहीच शिकवले नाही. याउलट 'द चाइल्ड वॉज रिलक्टंट टु एन्टर द कोल्ड वॉटर' या वाक्यात थंड पाण्यामुळे मुलाचे कचरणे डोळ्यांपुढे येते, आणि या शब्दामागून 'टु' व क्रियापदाचे मूळ रूप येते, हा नियमही न सांगता मनावर ठसतो. शब्द झाकला तरी त्याच्या अर्थाचा अंदाज करता यावा, ही चांगल्या उदाहरणवाक्याची कसोटी होय.

असे वाक्य ऐन तासाला सुचतेच असे नाही. सबब पाठाच्या टाचणातच त्याची तजवीज करावी लागते. अभ्यासक्रम पुरा करण्याची निकड आम्ही जाणतो. म्हणूनच आमची सूचना अशी की, पाठातील वीस शब्दांचे नुसते अर्थ देण्यापेक्षा नित्य उपयोगाचे पाचच शब्द निवडावेत, प्रत्येकाचा मराठी अर्थ निःसंकोच सांगावा, त्यापुढे एक कसदार वाक्य द्यावे, दुसरे वाक्य विद्यार्थ्याकडून त्याच्या घरच्या, शेताच्या वा बाजाराच्या अनुभवातून करून घ्यावे, आणि आठवड्याने तेच शब्द पुन्हा विचारावेत. उरलेल्या पंधरा शब्दांचे अर्थ विद्यार्थ्यांनी कोशात पाहावेत. तीही एक सवयच आहे आणि ती लागलीच पाहिजे. या सत्रात निदान एका इयत्तेपुरता तरी हा प्रयोग आमच्या शिक्षकबंधुभगिनींनी नेटाने करून पाहावा, अशी आमची त्यांना आग्रहाची विनंती आहे.