ग्रीक बेटांची फेरीबोट : पर्यटकांची हौस, रहिवाशांचा रस्ता

एजियन समुद्रातील पांढरीशुभ्र घरे आणि निळे घुमट पाहण्यासाठी ग्रीसला जाणाऱ्या पर्यटकांच्या दृष्टीने एका बेटावरून दुसऱ्या बेटावर नेणारी फेरीबोट हा सहलीचाच आनंददायी भाग असतो. बेटावर बारमाही राहणाऱ्यांसाठी मात्र ही बोट म्हणजे रस्ता आहे. औषधे, भाजीपाला, गॅसची टाकी, शिक्षकाची बदली आणि रुग्णाची ने-आण, सारे तिच्यावरच अवलंबून असते. हा रस्ता आज बहुतांशी खासगी कंपन्या चालवतात. जहाजे जुनी होत आहेत आणि पर्यावरणविषयक नव्या युरोपीय नियमांमुळे इंधनाचा खर्च वाढत आहे. त्यामुळे या रस्त्याची किंमत कोणी मोजायची, हा प्रश्न ग्रीसपुढे नव्याने उभा राहिला आहे.

ग्रीसमध्ये वस्ती असलेली बेटे दोनशेहून अधिक आहेत. अथेन्सलगतचे पिरेअस बंदर हे या जाळ्याचे केंद्र. तेथून निघणारी मोठी जहाजे पारोस, नॅक्सोस, सँटोरिनी असे टप्पे घेत जातात, तर क्रीट आणि ऱ्होड्सकडे रात्रभराच्या फेऱ्या असतात. मोठ्या बेटांवरून पुढे लहान बोटी सुटतात. नॅक्सोस आणि आमोर्गोस यांच्या दरम्यानची इराक्लिया, स्खिनूसा, कूफोनिसी, दोनूसा ही चिमुकली बेटे अशाच एका लहान बोटीच्या आधाराने वर्षानुवर्षे जगाशी जोडलेली आहेत. तुर्कस्तानच्या किनाऱ्यापासून जेमतेम दोन किलोमीटरवर असलेल्या कास्तेलोरिझोला सर्वांत जवळचे मोठे ग्रीक बेट म्हणजे ऱ्होड्स, आणि तेही सुमारे सव्वाशे किलोमीटर दूर आहे. अशा ठिकाणी बोट येते की नाही, हा सोयीपुरता प्रश्न राहत नाही. वस्ती टिकणार की नाही, हेच त्यावर ठरते.

बाजार आणि 'नापीक मार्ग'

अनेक दशके ग्रीस सरकार कोणत्या मार्गावर कोणी जहाज चालवायचे आणि किती भाडे घ्यायचे, हे परवान्यांद्वारे ठरवत असे. सदस्य देशांतर्गत सागरी वाहतूक सर्व युरोपीय कंपन्यांना खुली करणारा नियम युरोपीय समुदायाने १९९२मध्ये केला. ग्रीसला त्यातून दीर्घ सवलत मिळाली होती. अखेर २००१च्या कायद्याने ग्रीसने हे क्षेत्र खुले करण्याचा मार्ग स्वीकारला. त्याचा परिणाम अपेक्षित होता तसाच झाला. पिरेअस ते सँटोरिनी किंवा मिकोनोस अशा गर्दीच्या मार्गांवर उन्हाळ्यात वेगवान कॅटामरान आणि मोठी जहाजे दाटीवाटीने धावू लागली. कमी वस्तीच्या बेटांकडे, विशेषतः हिवाळ्यात, वळण्यात मात्र कोणालाच नफा दिसेना.

अशा मार्गांना ग्रीकमध्ये 'नापीक मार्ग' असेच म्हणतात. शेत पिकत नाही म्हणून ते ओसाड सोडता येते. बेटावर माणसे राहत असताना मार्ग सोडता येत नाही. म्हणून सरकार निविदा काढून या मार्गांसाठी अनुदान देते. बेटावरील रहिवासी आणि व्यावसायिकांना सागरी व रस्ते वाहतुकीच्या खर्चातील फरकाची भरपाई देणारी योजनाही २०१८पासून राबवली जात आहे. समुद्र ओलांडावा लागतो म्हणून नागरिकाला जादा दंड पडू नये, हे तिच्यामागील तत्त्व आहे. बेटांपुरती ही समतेची व्याख्याच म्हणावी लागेल.

दुसरीकडे बाजारातील स्पर्धाही आक्रसत आहे. ब्लू स्टार, हेलेनिक सीवेज आणि सुपरफास्ट ही नावे अटिका या एकाच समूहाकडे आहेत. क्रीटच्या लोकांच्या भागभांडवलातून उभी राहिलेली अॅनेक ही कंपनीही २०२३च्या अखेरीस त्यातच विलीन झाली. परवाना राज्य संपवून स्पर्धा आणायची, हा खुलीकरणाचा हेतू होता. आज काही मार्गांवर प्रवाशापुढे निवडीस फारसा वाव उरलेला नाही.

सुरक्षेची जुनी जखम

या जाळ्याचा इतिहास अपघातांनीही घडवला आहे. डिसेंबर १९६६मध्ये क्रीटहून पिरेअसला निघालेले 'हेराक्लिओन' वादळात बुडून दोनशेहून अधिक जणांचा मृत्यू झाला. २६ सप्टेंबर २००० रोजी 'एक्सप्रेस सामिना' हे १९६६मध्ये बांधलेले जहाज पारोसजवळच्या परिचित, दिवा असलेल्या खडकांवर आदळले आणि ८०हून अधिक प्रवासी दगावले. सप्टेंबर २०२३मध्ये पिरेअस बंदरात सुटणाऱ्या जहाजावर चढू पाहणाऱ्या एका प्रवाशाला खलाशांनी उतरत्या फळीवरून ढकलले. तो पाण्यात बुडून मरण पावला. चित्रफीत पाहून देशभर संताप उसळला आणि काही दिवसांतच नौवहनमंत्र्यांना पद सोडावे लागले. एखाद्या धक्क्यावरील घटनेने मंत्र्याचे आसन जाते, यावरून त्या समाजात फेरीबोटीचे स्थान कळते.

नवा भार

आता हवामान धोरणाचा भार आला आहे. युरोपीय संघाची उत्सर्जन व्यापार व्यवस्था जानेवारी २०२४पासून ५,००० टनांहून अधिक क्षमतेच्या मोठ्या जहाजांना लागू झाली. २०२४च्या उत्सर्जनाच्या ४० टक्के, २०२५च्या ७० टक्के आणि २०२६पासून पूर्ण १०० टक्के भागासाठी कंपन्यांना परवाने विकत घ्यावे लागतात. त्यातच १ मे २०२५पासून भूमध्य समुद्रात जहाजाच्या इंधनातील गंधकाची मर्यादा ०.५ वरून ०.१ टक्क्यावर आली. स्वच्छ हवेसाठी हे योग्यच; परंतु स्वच्छ इंधन महाग असते आणि तो खर्च तिकिटापर्यंत पोहोचतो.

दोन लाखांहून कमी लोकवस्तीच्या बेटांच्या मार्गांना २०३०च्या अखेरपर्यंत उत्सर्जन व्यवस्थेतून सूट मिळू शकते. सहा लाखांहून अधिक वस्तीचे क्रीट त्या निकषात बसत नाही. शिवाय सूट ही मुदतवाढ आहे, उत्तर नव्हे. २०३०पूर्वी नवी, कमी प्रदूषण करणारी जहाजे बांधायची तर मोठे भांडवल लागेल. उन्हाळ्यातील काही महिन्यांच्या कमाईवर वर्षभर तग धरणाऱ्या व्यवसायाला ते एकट्याने पेलणे कठीण आहे.

पैशाने न सुटणाऱ्या अडचणीही आहेतच. उन्हाळ्यातील 'मेल्तेमी' हे उत्तरेचे वारे वाढले की बंदर प्रशासन जहाजे रोखते. खलाशांचा संप झाला की सारी बेटे एकाच वेळी तुटतात. या बोटींचे मोल फेब्रुवारी २०२५मध्ये पुन्हा दिसले. सँटोरिनी परिसरात भूकंपांची मालिका सुरू झाली, तेव्हा जादा बोटी व विमानांच्या साह्याने ११ हजारांहून अधिक लोक बेट सोडून गेले. हिवाळ्यातही बोट येत राहिली पाहिजे, या आग्रहाचे कारण अशा दिवसांत उमगते.

भारतासाठी अर्थ

भारताला हा विषय परका नाही. मुंबईतील भाऊचा धक्का ते मांडवा या मार्गावर मार्च २०२०मध्ये सुरू झालेल्या रो-रो सेवेचे पहिले जहाज ग्रीसमध्येच बांधलेले आहे. मात्र अधिक नेमके साम्य अंदमानात आढळते. पर्यटकांची गर्दी असलेल्या स्वराज द्वीपाकडे खासगी वेगवान बोटी धावतात. दूरच्या बेटांचा भार प्रशासनाच्या जहाजांवर राहतो. लक्षद्वीपची मुख्य भिस्तही कोचीहून सुटणाऱ्या सरकारी जहाजांवरच आहे.

ग्रीसचा अनुभव असे सांगतो की, नफ्याचे मार्ग बाजार आपोआप शोधतो. उरलेले मार्ग चालू ठेवणे हा राजकीय निर्णय असतो आणि तो दर अर्थसंकल्पात नव्याने घ्यावा लागतो. २०३०मध्ये सवलतीची मुदत संपेल, तेव्हा ग्रीस आणि युरोपीय संघ हा निर्णय कसा घेतात, यावर अनेक लहान बेटांवरील शाळा, दवाखाने आणि दुकाने उघडी राहतील की नाही, हे ठरेल.