ठिपका दिसतो, दार कोण ठोठावणार?

शहरांत महागड्या सायकलींची हौस वाढली, तसा चोरीवरचा उपाय म्हणून जीपीएस ट्रॅकरही खपू लागला. सीटच्या दांडीत किंवा मागच्या दिव्यात तो दडवला, की सायकल कुठेही गेली तरी मोबाइलवर दिसेल, असा दिलासा विक्रेते देतात. तो खोटा नाही, अपुरा आहे. ट्रॅकर म्हणजे कुलूप नव्हे. तो चोरी थांबवत नाही, चोरीचा माग देतो. आणि मागावर जाणारे कुणी नसेल, तर मालकाच्या हाती उरते ती हळहळ.

या उपकरणाची मर्यादा त्याच्या रचनेतच आहे. जीपीएस उपग्रहांच्या संकेतांवरून फक्त आपली जागा ओळखते. ती मालकाला कळवायला सिमकार्ड, नेटवर्क आणि चार्ज असलेली बॅटरी लागते. सायकल तळघरात गेली की हे संकेतच क्षीण होतात. ट्रॅकर उघड्यावर बसवला तर चोर आधी तोच उपटणार. लपवला तर त्याला धाक वाटायचे कारणच नाही. स्वस्त पर्याय म्हणून वापरला जाणारा ॲपलचा एअरटॅग जीपीएसवर चालत नाही, तो आसपासच्या ॲपल उपकरणांच्या आधारे जागा सांगतो. शिवाय कुणाचा चोरून पाठलाग होऊ नये म्हणून तो सोबतच्या अनोळखी माणसाच्या फोनवर इशारा पाठवतो. सायकलीच्या बाबतीत तो अनोळखी माणूस म्हणजे चोरच!

समजा, मोबाइलवर सायकलीच्या जागेचा ठिपका नेमका दिसला. तरी परक्याच्या घरात शिरून सायकल ओढून आणणे मालकाचे काम नाही. ते धोक्याचेही आहे. पोलिसांकडे जावे, तर 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या फौजदारी कायद्यांनी पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची, पहिल्यांदाच दोषी ठरणाऱ्याने केलेली चोरी अदखलपात्र ठरवली आहे. अशा गुन्ह्याचा तपास दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाविना होत नाही. म्हणजे पेपर टाकणाऱ्या मुलाची जुनी सायकल गेली, तर बहुधा ‘एनसी’ची, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची, नोंद तेवढी हाती पडते. नेदरलँड्समधील व्हॅनमूफ कंपनी सायकलीतच ट्रॅकर बसवत असे. पण चोरीला गेलेली सायकल शोधायला माणसेही पाठवत असे. ठिपक्याला किंमत येते ती अशा पाठपुराव्यामुळे.

‘म्हणून ट्रॅकर लावायचाच नाही का?’ महागड्या सायकलीला जरूर लावावा. साध्या सायकलीला मात्र तो, त्याचे सिम आणि रिचार्ज म्हणजे चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला. तिच्यासाठी फ्रेमवर ठोकलेला क्रमांक अधिक कामाचा. जपानने 1994 पासून सायकलींची नोंदणी बंधनकारक केली. फ्रान्सने 2021 पासून दुकानात विकल्या जाणाऱ्या नव्या सायकलींवर ओळख क्रमांक सक्तीचा केला. इथे असे काही सुचवले की नगरपालिकांचा जुना सायकल-कर आणि बिल्ला आठवून कपाळावर आठ्या पडतील. पण कर नको, बिल्लाही नको. दुकानदाराने पावतीवर फ्रेमचा क्रमांक लिहावा, चोरीच्या तक्रारीत तो नोंदवला जावा आणि जुन्या सायकली घेणाऱ्याने तो पडताळावा, एवढे पुरे. चोरीचा माल खपेनासा होणे, हा चोराला बसणारा खरा धाक आहे; आणि तो बॅटरी संपली तरी टिकतो.