यंत्राने उत्तर देऊ नये, प्रश्न विचारावा

घरचा अभ्यास मोबाईलला विचारायचा आणि जसाच्या तसा वहीत उतरवायचा, ही सवय आता आमच्या वस्त्यांतही आली आहे. वडील पाळी संपवून आणि आई चार घरची कामे आटोपून घरी येते, तोवर मुलाची वही भरलेली असते. अक्षर नेटके, उत्तरे बरोबर. आईबापांना समाधान वाटते. पण त्या वहीत मुलाचे डोके किती आणि यंत्राचे किती? हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. शिकवणीची फी ज्यांना झेपत नाही, त्या घरांना या फुकटच्या मास्तराचा मोह अधिक पडणार आहे.

चॅटजीपीटी हे बोलणारे यंत्र नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. पुढे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तुर्कस्तानातील माध्यमिक शाळेच्या सुमारे एक हजार विद्यार्थ्यांवर गणिताचा एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०२४ साली पुढे आले. विद्यार्थ्यांचे तीन गट केले होते. पहिल्या गटाला केवळ वही-पुस्तक. दुसऱ्याला मागेल ते उत्तर देणारे यंत्र. तिसऱ्या गटाच्या यंत्राला मात्र शिक्षकांच्या मदतीने बंधन घातले होते : उत्तर सांगायचे नाही, अडेल तेथे फक्त खूण द्यायची.

सरावात दुसऱ्या गटाची कामगिरी पहिल्यापेक्षा ४८ टक्क्यांनी आणि तिसऱ्याची १२७ टक्क्यांनी सरस ठरली. मग यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली. तेव्हा दुसरा गट वही-पुस्तकवाल्यांपेक्षा १७ टक्के मागे पडला! तिसऱ्या गटाचे हे नुकसान जवळजवळ टळले. पण तोही पहिल्याच्या पुढे गेला नाही. सर्वांत वाईट गोष्ट अशी की, आपण कमी शिकलो आहोत हे दुसऱ्या गटातील मुलांच्या ध्यानातही आले नाही.

यंत्र तेच, परिणाम निराळे. फरक पडला तो संभाषणाला लावलेल्या शिस्तीने. एक घरगुती उदाहरण घ्या. बचत गटातून दरमहा २ टक्के सरळ व्याजाने ५,००० रुपये घेतले, तर ६ महिन्यांचे व्याज किती? मोकळे यंत्र झटकन "६०० रुपये" म्हणून सांगेल. मूल ते लिहील आणि विसरेल. बांधलेले यंत्र विचारील, "एका महिन्याचे व्याज किती झाले?" मूल १०० म्हणाले, तर पुढे विचारील, "मग सहा महिन्यांचे?" येथे गणित मुलाने सोडविले. उद्या सावकार किंवा कर्ज देणारा एजंट दारात आला, तर हेच मूल आईला हिशेब समजावून सांगेल.

प्रश्नोत्तराने शिकणे आम्हा बौद्धांना नवे नाही. राजा मिलिंद आणि भदन्त नागसेन यांचा संवाद आपण जाणतो. नागसेनांनी आधी अट घातली होती की, वाद पंडितांसारखा व्हावा, राजांसारखा नव्हे. पंडितांच्या वादात चूक दाखविली तर राग येत नाही. राजाच्या वादात विरोध करणाऱ्याला शिक्षा होते. बाबासाहेबांनी १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत काढलेले महाविद्यालय पुढे याच मिलिंदाच्या नावाने ओळखले गेले, यात मोठा अर्थ आहे. आमच्या मुलाने यंत्रापुढे प्रजेसारखे मान डोलावून बसू नये. "हे कशावरून?" असे त्याला विचारता आले पाहिजे.

वर्गात हे करायला प्रत्येकाच्या हाती मोबाईल लागत नाही. शिक्षकाचा एक मोबाईल पुरे. शिक्षकाने यंत्राला आधीच बजावावे : उत्तर सांगू नकोस, एका वेळी एकच प्रश्न विचार, मूल अडले तर लहानशी खूण दे, सोप्या मराठीत बोल. यंत्राचा प्रश्न फळ्यावर लिहावा. मुलांनी दोघादोघांत चर्चा करून उत्तर ठरवावे, मगच ते यंत्राला कळवावे. शेवटी सर्व संभाषण पुस्तकाशी ताडून पाहावे आणि यंत्राची चूक सापडली तर तिच्याभोवती लाल रेघ ओढावी.

चुका सापडतातच. ही यंत्रे न घडलेली गोष्टही ठामपणे सांगतात, थोरांच्या तोंडी त्यांनी कधी न उच्चारलेली वाक्ये घालतात. बाबासाहेबांचे म्हणून यंत्राने दिलेले वाक्य मूळ ग्रंथात पाहिल्याशिवाय भाषणात वापरू नये. शिवाय समाजाने लिहून ठेवलेल्या मजकुरावरच ही यंत्रे शिकलेली असल्यामुळे समाजाचे पूर्वग्रहही त्यांत उतरतात. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात आहे किंवा गुरूने सांगितले आहे, एवढ्यावरून काही मानू नका, हा तथागतांचा कालामांना केलेला उपदेश यंत्रालाही लागू आहे. मुलाचे नाव, पत्ता, घरची माहितीही यंत्राला देऊ नये.

माता-भगिनींनो, आपण कमी शिकलो, आपल्याला यातले काय कळणार, असे म्हणू नका. रात्री भाकरी थापताना मुलाला तीनच प्रश्न विचारा : आज यंत्राने काय विचारले? तू काय सांगितलेस? ते खरे हे कसे ठरविलेस? मूल वहीत न बघता सांगू लागले, तर ते शिकले. अडखळले, तर वही मिटून पुन्हा पहिल्यापासून करायला लावा. त्यासाठी इंग्रजी लागत नाही आणि फीही लागत नाही.

आमच्या आजोबा-पणजोबांना वर्गाबाहेर बसविले गेले. नातवंडे वर्गात पोहोचली आहेत. आता त्यांचे डोके वर्गाबाहेर राहू नये, एवढी जागरूकता प्रत्येक घराने बाळगावी.

जयभीम!