ट्रेडमिलवरचे मार्क आणि रस्त्यावरची चाल

ट्रेडमिल म्हटलं की आपल्याला जिम आठवते. कानात इअरफोन, मनगटावर स्टेप्स मोजणारं घड्याळ, नंतर एक स्टोरी. पण हॉस्पिटलमध्येही ट्रेडमिल असते आणि तिच्यावर आपल्या आजोबांच्या वयाची माणसं पोटऱ्या दुखेपर्यंत चालत असतात. मुद्दाम. कारण तीच तर परीक्षा असते!

पायाच्या रक्तवाहिन्यांत चरबीचे थर साचून त्या अरुंद झाल्या, की चालताना स्नायूंना रक्त कमी पडतं. पोटरी भरून येते. थांबलं की काही मिनिटांत बरं वाटतं, निघालं की पुन्हा तेच. हा पेरिफेरल आर्टरी डिसीज. तंबाखू, सिगारेट आणि डायबिटीस ही त्याची मोठी कारणं. जर्मन भाषेत याला गमतीने 'दुकानाच्या काचेचा आजार' म्हणतात. पाय दुखला की माणूस शोकेस बघायच्या बहाण्याने उभा राहतो ना, म्हणून.

गार्डनर-स्किनर या पद्धतीत ट्रेडमिलचा पट्टा ताशी साधारण 3.2 किलोमीटर वेगाने फिरतो आणि दर 2 मिनिटांनी चढ 2 टक्क्यांनी वाढतो. दुखायला कधी लागलं आणि थांबावं कधी लागलं, दोन्ही लिहून घेतात. वेग आणि चढ सगळ्यांना सारखाच, त्यामुळे उपचाराआधीची आणि नंतरची तुलना सोपी होते. हा फायदा मान्यच.

पण जुन्या प्रश्नपत्रिका सोडवल्या की मार्क वाढतात, हे आपल्याला कुणी सांगायला नको. ट्रेडमिलचंही थोडं तसंच आहे. सवय झाली की आकडा सुधारतो. औषधांच्या चाचण्यांमध्ये नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांचाही सुधारलेला दिसतो. बाजूचा दांडा घट्ट धरला तर आणखी वाढतो. आणि आयुष्यात कधी ट्रेडमिल न पाहिलेल्या आजींना सरकत्या पट्ट्यावर आधी तोल सांभाळायचा असतो, पायाचं दुखणं नंतर.

दुसरी परीक्षा अगदी साधी. सपाट कॉरिडॉर, 6 मिनिटं, आपल्या चालीने जमेल तेवढं चाला. दमलात तर थांबा, घड्याळ मात्र चालू राहणार. यातली कोणती चांगली, यावर 2014 मध्ये 'सर्क्युलेशन' या वैद्यकीय नियतकालिकात तज्ज्ञांनी समोरासमोर बाजू मांडल्या होत्या. ट्रेडमिल काढून टाका, असं माझं म्हणणं नाही. पण पेशंटला बस स्टॉपपर्यंत जायचं असेल, तर कॉरिडॉरचा आकडाही फाइलमध्ये हवाच.

आणि खरी अडचण तर हॉस्पिटलच्या आधीच सुरू होते. 'पाय दुखतात का?' असं विचारलं की बरेच जण 'नाही' म्हणतात. कारण त्यांनी चालणंच कमी केलेलं असतं! आधी मंडई सुटते, मग देऊळ, मग कोपऱ्यावरचं दुकान. आपण म्हणतो, 'वय झालं.'

म्हणून घरातल्या मोठ्यांना प्रश्न बदलून विचारा: 'मागच्या वर्षी कुठपर्यंत चालत जायचात? आता कुठे थांबता?' उत्तरातलं अंतर कमी झालेलं असेल, तर डॉक्टरकडे न्या. घोटा आणि दंड यांच्या ब्लडप्रेशरची तुलना करणारी साधी तपासणी असते, सुई न टोचता होते. उपचारांतही शिस्तीत, देखरेखीखाली चालण्याचा व्यायाम महत्त्वाचा असतो. तेव्हा सोबत कुणीतरी लागेल. आपल्या स्टेप्सही मोजल्या जातीलच की!