मुलांच्या हातून, मुलांचंच

रविवारी उपासनेत दानाची थैली फिरू लागली की आई हळूच दहाची नोट मुलाच्या मुठीत देते आणि मूल ती थैलीत टाकतं. यात मुलाचं काय गेलं? मी छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात संडे स्कूल घेते. हा प्रकार थांबावा, असं मला मनापासून वाटतं.

मार्कच्या 12व्या अध्यायात येशू मंदिराच्या भांडारासमोर बसून पाहतो. श्रीमंत पुष्कळ टाकतात, पण त्याची नजर ठरते विधवेच्या दोन नाण्यांवर, कारण तिच्याजवळ मागे काहीच उरत नाही. मुलाला हे कळायचं तर त्याच्या जवळचं थोडं कमी व्हायला हवं. हंगामाच्या सणाला आमच्याकडची एक मुलगी स्वतः सांभाळलेल्या कोंबडीची अंडी ओढणीत बांधून आणते. अर्पण केलेल्या वस्तूंच्या लिलावात तिच्या अंड्यांची बोली कुठवर गेली, हे टाचा उंचावून पाहते.

घरातही मुलांना असंच देणं दिसायला हवं. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचा. त्यांचे पती रेव्हरंड टिळक देऊन मोकळे होत, ओढाताण लक्ष्मीबाई सोसत. मुलगा दत्तू हे बघतच वाढला.

आणखी एक. नाताळात आमच्या शहरातल्या घाटी रुग्णालयाबाहेर मुलांच्या हातून ब्लँकेटं वाटताना फोटो काढू नका. उजवा हात देतो ते डाव्यालाही कळू नये, असं प्रभूनेच डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलंय. जालना, बीड, परभणीकडून आलेले रुग्णांचे नातेवाईक तिथे थंडीत रात्र काढतात. मुलांनी त्यांना गाव विचारावं, दोन घटका त्यांच्यापाशी बसावं.